पाऊणपट

गुढी बांधायला त्या वर्षी घरात सुतळी सापडेना. 25 मार्च 2020. आदल्या रात्री आठ वाजता देश बंद होणार असल्याचं ऐकलं होतं आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाला कुलूप होतं. झेंडू नव्हता, साखरेची गाठी नव्हती. कडुलिंब आवारातलाच, काठी आणि तांब्या घरचे, खण आईचा. सुतळी शोधताना माळ्यावरच्या पिशवीत हात घातला, तर हाताला शिडाचा जुना दोर लागला. बोटाएवढा जाड, पांढऱ्यात निळा धागा विणलेला, मिठाने ताठ झालेला. दोन वेढे देऊन मी काठी गॅलरीच्या कठड्याला आवळली, मोकळ्या टोकाची गाठ मारली आणि सवयीने एक हिसका देऊन पाहिली. काठी हलली नाही. मुलगी मागे उभी होती. ती पुढे आली, दोराला नाक लावलं आणि म्हणाली, "बाबा, गुढीला समुद्राचा वास येतोय."

तो वास माझ्या रविवारांचा आहे. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी लाकडी शिडाची बोट घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वीस-बावीस फुटांची, एक डोलकाठी, दोन शिडं. कामधंदा तिघांचाही कोरड्या जमिनीवरचा. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मी मुलुंडहून पहाटेची लोकल पकडतो आणि व्हीटीला उतरून अपोलो बंदराकडे चालत निघतो. आमची बोट तिथे पाण्यात बोयाला बांधलेली असते. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की शीड एकदा फडफडतं आणि मग गप्प होऊन फुगतं. त्या गप्प होण्यासाठी मी आठवडाभर थांबतो. हा छंद मिरवण्यासारखा नाही, पण त्याच्यावाचून माझा आठवडा पुरा होत नाही.

लोकल बंद झाली आणि बोट तीस-पस्तीस किलोमीटरवर राहिली. लाकडी बोट पाण्यात नुसती सोडून देता येत नाही. फळ्यांच्या सांध्यांतून रोज थोडं पाणी शिरतंच. ते उपसलं नाही, तर बोट आधी जड होते, मग आळशी होते आणि एखाद्या रात्री कुणाला न सांगता बुडते. हे उपसण्याचं काम आमचा नाखवा करतो. तो कुलाब्याच्या कोळीवाड्यातला, साठीच्या पुढचा. बोट त्याच्या हवाली असते. आम्ही रविवारी येतो तेव्हा ती कोरडी, पुसलेली, शिडं जोडून तयार असते. ती तशी कशी होते याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

पाडव्यापासून सतरा-अठरा दिवस आमच्या बोटीला कुणी पाहिलं नाही. नाखव्यालाही बंदरावर जाता येत नव्हतं. मी दिवसातून एकदा फोन करायचो आणि तो दर वेळी तेच सांगायचा, "अजून सोडत नाय साहेब." एकदा म्हणाला, "भाचा तिकडं अडकलाय." भाचा पालघरकडचा, गुजरातच्या बोटीवर खलाशी. वेरावळ, पोरबंदरकडे पालघरचे हजारो खलाशी दर वर्षी आठ-आठ महिने कामाला जातात. टाळेबंदी झाली तेव्हा त्यांतले कित्येक बंदरात बोटीवरच राहिले. जे बोटीने परत आले, त्यांच्यातल्या काहींना किनाऱ्यावरच्या गावाने भीतीपोटी उतरू दिलं नाही. समोर घराची कौलं दिसताहेत आणि पाय मात्र बोटीवर. मी घरात बसून बोटीसाठी झुरत होतो आणि तो पोरगा बोटीत बसून घरासाठी. त्या दिवसापासून फोनवर मी आधी भाच्याची चौकशी करू लागलो, मग बोटीची.

लोक तेव्हा एकट्याने जगप्रदक्षिणा केलेल्या दर्यावर्दींची उदाहरणं देत होते. दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत 19 मे 2010 ला परतले. एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. पुढे त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता दीडशे दिवसांत फेरी पुरी करून आले. त्यांना जमलं, आपल्याला घरात बसणं का जमू नये, असं कुणीतरी मला पाठवलं होतं. मला ते पटलं नाही. दर्यावर एकटा असलेला माणूस रोज पुढे सरकत असतो. झोपेतही त्याची बोट चालत असते. आमच्या घरात पुढे सरकणारं काही नव्हतं.

मग एक गोष्ट पुढे सरकते आहे असं ध्यानात आलं, आणि ते आणलं मुलीने. ती दहावीला. 23 मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला. पण एप्रिलच्या सुरुवातीला तो होणार असंच वाटत होतं, म्हणून ती पुस्तक उघडून बसायची. एका दुपारी खालच्या इयत्तेतला भरती-ओहोटीचा जुना धडा घेऊन आली. "बाबा, हे पाठ होतं, पण कळत नाही." मी कागदावर पृथ्वी, चंद्र, सूर्य काढले. उधाणाची भरती, भांगाची भरती समजावली. तिचं समाधान झालं नाही. शेवटी मी नाखव्याला फोन लावून तिच्या हातात दिला.

"ताई, आज तिथ कवची?" त्याने विचारलं. तिने कालनिर्णय पाहून सांगितलं, "अष्टमी."

"मग आठाची पाऊनपट करा."

"सहा."

"सहाला पानी भरलं. सकाली बी सहा, राती बी सहा. झाला तुमचा पेपर."

चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. आमच्या किनाऱ्यावर हे गणित छापील तक्त्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. तासाभराचा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. मीही ते ऐकून होतो. तरी मोबाइलवर भरतीची वेळ मिळते म्हटल्यावर तिथी कशाला बघायची, असं वाटायचं.

आणि मग मुलीने ते पाहिलं, जे मी पाहिलं नव्हतं. टाळेबंदी प्रतिपदेला सुरू झाली होती. म्हणजे बंदचा कितवा दिवस आणि चंद्राची कितवी तिथी, दोन्ही पहिल्या पंधरवड्यात हातात हात घालून चालले होते. तिने स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी कागद चिकटवला आणि आमच्या घराला एक घड्याळ मिळालं. पाडव्याची भरती पाऊण वाजता. तिने ती मागे जाऊन लिहिली, सगळ्यात वर.

आमचं घर सातव्या मजल्यावर, मुलुंड पूर्वेला. गच्चीवरून मिठागरं दिसतात, त्यापलीकडे तिवरं आणि त्यांच्यामागे ठाण्याच्या खाडीची पट्टी. अपोलो बंदराचंच पाणी ते, फक्त आत आत येऊन थकलेलं. इतकी वर्षं मी समुद्र गाठायला उलट्या दिशेला जात होतो आणि समुद्र दिवसातून दोनदा माझ्या दाराशी येऊन जात होता. आम्ही बापलेक दुर्बीण घेऊन गच्चीवर जाऊ लागलो. पाणी उतरलं की चिखलावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उमटायची, पाणी चढलं की ती सरकत सरकत जायची. आमच्या खाडीतली भरती नाखव्याच्या हिशेबापेक्षा उशिरा येते, हे तिने आठवडाभरात वहीत पकडलं. पाणी सगळ्या वेळात सारखं चढत नाही, हेही. पहिल्या तासात बारा भागांतला एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक. हे मी सांगितलं होतं. पण तिवरांच्या खोडावरची ओली रेघ बघून "आता तीन चाललेत" असं ती म्हणाली, तेव्हा मला ते नव्याने कळलं.

8 एप्रिलला हनुमान जयंती होती, चैत्री पौर्णिमा. चंद्र वर्षभरात सर्वांत जवळ आला होता. मिठागरांवर इतकं चांदणं पडलं होतं की बायको हातातलं काम टाकून गच्चीवर आली. मला मात्र बोटीच्या दोराची काळजी लागली होती. उधाणाच्या पाण्यात बोट बोयाला हिसडे देते. जिथे दोर लोखंडी कडीला घासतो, तिथे त्याचे धागे एक एक करून फुलतात, कापसासारखे मऊ होतात, आणि मऊ झालेला दोर म्हणजे गेलेला दोर. घरातले तिघेही चांदण्यात उभे होतो आणि मी मनातल्या मनात तो घासलेला दोर बोटाने चाचपत होतो.

दोन दिवसांनी केंद्र सरकारने मासेमारीला सूट दिली. नाखवा आपली होडी घेऊन पाण्यात उतरला आणि पहिल्यांदा आमच्या बोटीकडे गेला. फोन आला तो बोटीतूनच. मागे पाण्याची चपचप ऐकू येत होती. "पानी हाय, फलीच्या वर आलंय. बाकी बराबर. दोरीला खाल्लंय, बदलतो." त्याने फोन ठेवला नाही, तसाच बाजूला ठेवून पाणी उपसायला लागला. बालदी बुडाल्याचा आवाज, मग बाहेर फेकलेल्या पाण्याचा. मी कान लावून ऐकत राहिलो. वीस-बावीस बालद्या मोजल्या असतील. हे काम इतकी वर्षं आमच्या पाठीमागे होत होतं.

त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या माझ्या शाळासोबत्याचा फोन आला. तोही हौशी नावाडी, पण कालव्यातला. तिथल्या अरुंद कालव्यांसाठी सात फूट रुंदीच्या लांबलचक बोटी असतात, माणसाच्या चालीने जाणाऱ्या. ज्यांच्या बोटीला ठरावीक धक्का नाही, त्यांना चौदा दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहता येत नाही. मार्चमध्ये कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने उलटंच सांगितलं, आहात तिथेच थांबा. फक्त पिण्याचं पाणी भरायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला हलता येत होतं. हौशी मंडळींना तर बोटीपर्यंत जायचीही बंदी. त्याची बोट त्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर उभी होती. "तुझ्याकडे नाखवा तरी आहे," तो म्हणाला.

मे महिना उजाडला. आमची बोट दर वर्षी पावसाळ्याआधी बाहेर काढतात, आणि ती उधाणाच्या पाण्यावरच काढावी लागते. बोट किनाऱ्यावर जितकी वर नेता येईल तितकी पाण्यानेच न्यायची, मग ओंडक्यांवर माणसांनी ओढायची. आमच्यापुढे दोन उधाणं होती, 22 मेच्या अमावास्येचं आणि 5 जूनच्या पौर्णिमेचं. मी पौर्णिमा म्हणालो. 31 मेपर्यंत बंद होता, त्यानंतर काही ढिलाई आली तर आम्ही तिघेही पोहोचलो असतो आणि दोराला हात लावला असता. दोन महिने दूर राहून मला तेवढंच हवं होतं. नाखवा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, जूनचं पानी आपलं नाय."

त्याने कारण दिलं नाही. मी वाद घातला, थोडा आवाजही चढवला असेन. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी मी गप्प झालो आणि मुलीने कागदाकडे बघत सांगितलं, "अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी काढू दे त्यांना. मोठं पाणी त्या दिवशी असतं." 23 मे, शनिवार, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा. पाऊण वाजता. नाखवा, त्याची मुलं आणि शेजारी अशा सहा माणसांनी तोंडाला रुमाल बांधून आमची बोट वर घेतली. मी ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. चित्र अधूनमधून अडकत होतं. बोट एका जागी थिजायची आणि पुन्हा दिसायची तेव्हा दोन हात वर आलेली असायची.

2 जूनला वादळाचं नाव ऐकलं, निसर्ग. 3 जूनला दुपारी ते अलिबागजवळ जमिनीवर आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा घेऊन. रायगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. मुलुंडला आमच्या आवारातला तोच कडुलिंब अर्धा मोडला. द्वादशी होती. भरती सकाळी येऊन गेली होती, म्हणजे वादळ आलं तेव्हा पाणी उतरत होतं, एवढंच काय ते मुलगी दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

5 जूनला वटपौर्णिमा. वडापर्यंत जाता येत नव्हतं. समोरच्या दारातल्या वहिनींनी कुंडीतल्या रोपाला सूत गुंडाळलं. अकराच्या सुमारास नाखव्याचा फोन आला. तो बोयाकडे जाऊन आला होता.

"आपली बोट बराबर हाय, घराशेजारी. पन बोया दिसत नाय साहेब. तिथं कुनाची तरी होडी येऊन पालथी पडलेय. कुनाची ते अजून कलत नाय."

मला काही बोलता येईना. आमची बोट त्या दिवशी तिथे असायची होती, माझ्या हट्टाप्रमाणे. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी पालथी झाली होती, आणि त्या कुणाचं पोट तिच्यावर असणार. मी विचारलं, त्या माणसाचा पत्ता लागेल का? "लागंल. वाड्यात इचारलंय," तो म्हणाला. मी म्हणालो, लागला की आम्हाला सांगा, तिघांनाही. मग त्याने विचारलं, "ताई हाय का?"

मी फोन तिच्याकडे दिला.

"ताई, आज पानी कवा?"

"पौर्णिमा. सव्वाअकरा."

"आमच्याकडं. तुमच्या खाडीत?"

ती फोन कानाला लावूनच गॅलरीत गेली. पाडव्याचा निळ्या धाग्याचा दोर कठड्याला तसाच होता, गुढी उतरवली तरी मी तो सोडला नव्हता. त्याच्यावर कोपर टेकवून तिने तिवरांकडे पाहिलं.

"अजून चढतंय," ती म्हणाली.