माथेरानची वाट

बीडीडी चाळीत ज्यांचा जन्म गेला, त्यांना १६० चौरस फुटांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२०च्या दशकात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे या चाळी उभारल्या. एकट्या वरळीत त्यांची संख्या १२१. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि संडास सर्वांचे मिळून. अशा एकेका खोलीत आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्या एकमेकींच्या उशाशी झोपल्या. मात्र या तीन पिढ्यांनी एक अख्खा दिवस एकत्र घालवला, असे घर क्वचितच आढळे. कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला. एक उठे तेव्हा दुसरा आडवा होई. जागा एक, पण वेळ निरनिराळी, असा तो संसार होता.

म्हणूनच, चाळीतील एका ख्रिस्ती कुटुंबाने २०१८च्या नाताळात सर्वांनी मिळून सहलीस जाण्याचे ठरवले आणि मलाही आग्रहाने बोलावले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. हे घराणे मूळचे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील संगमनेरकडचे. आजोबा गिरणीत जॉबर होते. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. मुले, सुना, नातवंडे धरून अकरा माणसे.

जायचे कोठे, यावर प्रथम वाद झाला. नातवंडांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे होते. २०१३ साली हे उद्यान सुरू झाल्यापासून तेथील उंच पाळण्यांच्या कथा ती शाळेत ऐकत होती. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी, १९८९च्या सुमारास, गोराईच्या एस्सेल वर्ल्डबद्दल मुले अशीच बोलत असत. अशा उद्यानांत मुलांना खरोखर आनंद मिळतो, त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु तेथे गेलेल्या कुटुंबांत मी एक गोष्ट नेहमी पाहिली आहे. तरुण मंडळी पाळण्यात बसतात आणि म्हातारी माणसे बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात. आजींनी एकच शब्द उच्चारला, "माथेरान." पुढे त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं होतं, संप मिटला की जाऊ."

तो संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, आजोबा गेले, आणि वचन तसेच राहिले. हे ऐकल्यावर नातवंडांनी इमॅजिकाचे नाव पुन्हा काढले नाही.

२७ डिसेंबरला, गुरुवारी पहाटे, आम्ही दादरहून कर्जत लोकल पकडली. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीची लहान रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली आणि १९०७ साली ती धावू लागली. गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, आणि तेथून बाजारपेठेपर्यंतची सुमारे अडीच-तीन किलोमीटरची वाट तांबड्या मातीतून, रुळांच्या कडेने जाते. सुमारे आठशे मीटर उंचीवरच्या त्या झाडीत शिरताच चाळीतील मुलांचे आवाज आपोआप हलके झाले.

अमन लॉजच्या स्थानकावर मात्र नाताळच्या सुट्टीची तोबा गर्दी होती. त्या वेळच्या गाडीची तिकिटे संपली होती. आजींच्या गुडघ्यांना ती वाट पेलणारी नव्हती. घोड्याचे नाव काढताच त्या हसू लागल्या. उरली हातरिक्षा. पुढे ओढणारा एक आणि मागून ढकलणारे दोघे.

आजींचे थोरले चिरंजीव वाटेत उभे राहिले. पूर्वी जेथे गिरणी होती तेथील एका टोलेजंग इमारतीत ते पहारेकरी होते. त्यांचा आवाज चढला. "आई, माणसाने ओढलेल्या गाडीत मी तुला बसू देणार नाही. बाबा आयुष्यभर दुसऱ्यासाठी राबले. आपण कोणाला जनावरासारखं जुंपायचं?"

रिक्षा ओढणारा तरुण पायथ्याच्या एका वाडीतला होता. त्याने शांतपणे उत्तर दिले, "काका, तुम्ही बसला नाहीत तर माझी पाठ वाचेल, पण घरी चूल पेटणार नाही. गर्दीचे दिवस वर्षातून थोडेच येतात."

दोघेही खरे बोलत होते, हेच त्या क्षणाचे अवघडपण होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "फादर, तुम्हीच सांगा." मी एवढेच म्हटले, की जिला बसायचे आहे तिला अजून कोणी विचारलेलेच नाही.

आजींनी त्या तरुणाला जवळ बोलावले. त्याचे नाव विचारले, मुले किती, मजुरीची वाटणी कशी होते ते विचारले. मग आपला निर्णय सांगितला. "सपाटीला मी बसेन. चढ आला की उतरेन, दम खात चालेन. पैसे ठरल्याप्रमाणे पुरे घ्यायचे." तरुण म्हणाला, "आजी, चढावरच तर तुम्हाला त्रास होईल." शेवटी तडजोड निघाली. चढावर आजी बसून राहिल्या आणि दोन्ही नातू मागून ढकलायला लागले. चिरंजीव बराच वेळ पिशवी घेऊन मुकाट्याने चालत होते. दुसऱ्या चढावर त्यांनी पिशवी पत्नीकडे दिली आणि रिक्षाच्या मागच्या दांड्याला हात लावला. बाजारात पोहोचल्यावर आजींनी डबा उघडला आणि नाताळच्या करंज्या आधी त्या तिघांच्या हातांवर ठेवल्या. दुपारी शार्लोट तलावाच्या काठी आम्ही जेवलो. एको पॉइंटवर धाकट्या नातीने आजोबांच्या नावाने हाक मारली. दरीतून ती परत आली तेव्हा आजींनी पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण होता. त्या वर्षीच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची यरुशलेमची यात्रा होती. मरिया आणि योसेफ यांना तो दिवसभर दिसला नाही, तरी तो नातलगांच्या तांड्यात असेल असे त्यांनी धरून चालले. त्या काळी कुटुंब म्हणजे आईबाप व मूल एवढेच नव्हते. आप्तेष्टांचा सगळा तांडा एकत्र चाले, आणि तांड्याची चाल सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरे. प्रवचन करताना माझ्या डोळ्यांपुढे ती तांबडी वाट होती. कुरेनेकर शिमोनही आठवला. त्याने दुसऱ्याच्या ओझ्याला खांदा दिला, पण त्यासाठी त्याच्यावर सक्ती झाली होती. आमच्या वाटेवर हात लावणाऱ्यांवर कोणाची सक्ती नव्हती.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरील आपले विश्वपत्र सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. गिरणी संप त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी सुरू झाला. श्रमाचे मोल तो कोणता आहे यावरून ठरत नाही, तो करणारी व्यक्ती आहे म्हणून त्याला मोल आहे, ही त्यातील मुख्य शिकवण. ती मान्य केली की दोन कर्तव्ये एकदमच अंगावर येतात. माणसाला माणसाने ओढावे लागते ही रीत संपली पाहिजे. आणि ती संपताना ओढणाऱ्याची भाकरी संपता कामा नये. पहिले कर्तव्य चिरंजीवांनी बोलून दाखवले, दुसरे त्या तरुणाने.

पुढे घडलेही तसेच काही. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानला ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे लोटल्यावरही अशी प्रथा चालू राहावी, याविषयी न्यायालयाने खेद व्यक्त केला. रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर त्यांना ई-रिक्षा द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही बजावले. निकालाची बातमी वाचताना मला चिरंजीव आणि तो तरुण एकाच बाकावर बसलेले दिसले.

आजी २०२२ साली प्रभूघरी गेल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत हेही कुटुंब होते. घराला आशीर्वाद देण्यासाठी मी गेलो तेव्हा धाकटी नात मला स्वतःची खोली दाखवत होती. थोरल्या नातवाने वडिलांसमोरच सांगितले, की वर्षातून एक दिवस सर्वांनी एकत्र बाहेर पडायचे आणि जागा घरातल्या सर्वांत वडील माणसाने ठरवायची, असा नियम त्यांनी केला आहे. यंदा ती पाळी चिरंजीवांची होती, आणि त्यांनी संगमनेरचे नाव घेतले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. त्या दिवशी आपण त्यांना फुले देतो, ते चांगलेच आहे. त्याशिवाय आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने त्यांना एक प्रश्न विचारावा, "तुम्हाला कुठे जायचं राहिलं आहे?" उत्तर कदाचित जवळचेच निघेल. माहीमचे मंदिर, बांद्र्याची मोतमाउली, गावाकडचा एखादा क्रूस. तेथे त्यांच्या पावलाने जा. आणि वाटेत जो कोणी तुमचे ओझे उचलील, त्याला त्याचे नाव विचारा आणि त्याची मजुरी पुरी द्या.