डाव्या कोपऱ्यातलं बटण

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण बसलं. माझ्या पिढीला संगणकाची ओळख त्या कोपऱ्यातूनच झाली. पुढे पिरंगुटच्या कारखान्यात हिशेब लिहू लागलो, तेव्हा सकाळी टॅली उघडायला आणि संध्याकाळी यंत्र बंद करायला हात तिकडेच जाई.

आमचे नाना निवृत्तीनंतर भुकूमला राहायला आले आणि साठी उलटल्यावर संगणक शिकले. तिथे जवळच खाटपेवाडीच्या परिसरात रामनदी उगम पावते. तिथले ओढे, विहिरी, जुनी शेतं यांच्या नोंदी त्यांना टाइप करायच्या होत्या. त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं : स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, वर्डपॅड. काही दिवसांत वहीची गरजही उरली नाही.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि स्टार्ट मेनू गेला. बोटाने चालवायच्या पडद्यांचा विचार करून त्याच्या जागी रंगीत चौकोन मांडले होते. पुढच्या वर्षीच्या ८.१ मध्ये बटण परतलं, पण ते दाबलं की तेच चौकोन उघडत. नव्या लॅपटॉपपुढे नाना गप्प बसून राहत. प्रत्येक वेळी मला हाक मारणं त्यांच्या जिवावर येई.

मग मी क्लासिक शेल बसवलं. इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रॅमरने तयार करून फुकट वाटलेली ती छोटी प्रणाली जुना मेनू जसाच्या तसा दाखवी. नानांनी माझ्याकडे न बघता वर्डपॅड उघडलं आणि अर्धवट राहिलेल्या विहिरीची नोंद पुढे लिहायला घेतली.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० मध्ये मेनू अधिकृतपणे परत आला. २०१७ च्या अखेरीस बेल्चेव्ह यांनी काम थांबवलं, तेव्हा त्यांनी खुला केलेला कोड इतरांनी ओपन-शेल नावाने पुढे चालवला. त्या अनोळखी माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

हाताला बसलेली सवय ही कष्टाने मिळवलेली विद्या असते. उतारवयात ती पुन्हा पहिल्यापासून मिळवणं फार जड जातं. सुधारणा जरूर व्हाव्यात. सोबत जुनी वाट निवडायची सोय मात्र असायला हवी. विंडोज ११ ने बटण मधोमध नेलं, तरी सेटिंग्जमध्ये ते डावीकडे घेता येतं. सोसायटीतल्या कुणा ज्येष्ठांचा नवा संगणक लावायला गेलो, की मी आधी विचारतो, ‘काका, तुम्हाला बटण कुठे हवं?’