न खपलेल्या रंध्यांचे भाव

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी स्टॅन्ले कंपनी बिडाचे रंधे बनवायची. त्यांना नावे नव्हती, नंबर होते. त्यातला एक नंबरचा रंधा जेमतेम साडेपाच इंच लांब. त्याच्या मुठीत मोठ्या माणसाची सगळी बोटे बसत नाहीत. पाते वाकडे बसले तर डावी-उजवीकडे सरकवायची दांडी त्याच्या मोठ्या भावंडांना पुढे मिळाली, याला ती कधीच मिळाली नाही. हे खेळणे कुणासाठी केले होते, यावर जाणकार अजून वाद घालतात. आज मात्र चांगल्या अवस्थेतला एक नंबर हजार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, आणि त्याच कंपनीचा चौदा इंची पाच नंबर जुन्या बाजारात चाळीस-पन्नास डॉलरला पडून असतो.

या उलट्या हिशेबाचे कारण साधे आहे. पाच नंबर उपयोगी होता, म्हणून घरोघरी गेला. एक नंबर फारसा कुणाला लागला नाही, म्हणून थोडाच बनला, आणि म्हणून आज दुर्मीळ आहे. जुन्या रंध्यांच्या बाजारात जो दुकानात नापास झाला तो कपाटात पहिला येतो. या छंदात शिरणाऱ्या माणसाला हे कळायला बहुधा काही वर्षे जातात आणि बरेच डॉलरही.

सुरुवात सहसा फुकटात होते. आजोबांच्या गॅरेजमधला किंवा शेजारच्या म्हाताऱ्याने जाता जाता दिलेला एक गंजका पाच नंबर घरात येतो. बादलीत धुण्याचा सोडा घातलेले पाणी घेऊन, बॅटरी चार्जरच्या तारा जोडून तो गंज काढला जातो. मग जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासायचा. गंजाखालून काळे रोगण दिसू लागते. डांबरापासून केलेले हे रोगण भट्टीत भाजून पक्के केलेले असायचे. मूठ पुसली की ब्राझीलच्या शिसवाचा लालसर रंग वर येतो. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे. पूर्वी ते सरसकट हत्यारांच्या मुठींना वापरत.

मग प्रश्न येतो, हा रंधा कधीचा? इथेच माणूस अडकतो. रॉजर स्मिथ या अभ्यासकाने अमेरिकेतल्या पेटंट घेतलेल्या रंध्यांवर १९८१ मध्ये मोठा ग्रंथ काढला. तेव्हापासून संग्राहकांना खुणा पाठ झाल्या आहेत. बिडावर १९०२ च्या पेटंटच्या तारखा, पात्यावर हृदयाच्या आकाराचा शिक्का, पाते आवळणाऱ्या दाबपट्टीतले किल्लीच्या भोकासारखे भोक जाऊन १९३३ च्या सुमारास आलेले मूत्रपिंडाच्या आकाराचे भोक. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळेना, तेव्हा पाते खाली-वर करायचे चाक काही काळ कडक रबराचे होते. हृदयाचा तो शिक्का म्हणजे कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची कोटी. अमेरिकन उद्योगपतींनाही कोटी सुचते, हे एरवी पटले नसते.

पण खरी गोष्ट त्या पितळी चाकाची आहे. आपल्याकडचा सुतार आजही लाकडी रंध्याचे पाते पाचरीने आवळतो आणि हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी पुढे-मागे करतो. जाणत्या हाताला ते दोन टिचक्यांचे काम. नवख्याची सकाळ त्यात जाते. हॉलिस, न्यू हॅम्पशायर इथे १८२५ मध्ये जन्मलेला लेनर्ड बेली फर्निचर करणारा कारागीर होता. १८५८ मध्ये त्याने पाचरीऐवजी खटक्याने आवळणारी दाबपट्टी पेटंट केली. १८६७ मध्ये पात्यामागे एक पितळी चाक आणि वाय अक्षरासारखी दांडी बसवली. बोटाने चाक फिरवा, पाते केसाएवढे खाली येते. काम थांबवायला नको, हातोडी शोधायला नको. आज जगभर नवा बिडाचा रंधा कुठेही घ्या, बहुतेकांत हीच रचना असते.

१८६९ मध्ये बेलीचा धंदा स्टॅन्लेने विकत घेतला आणि कारखान्यावर देखरेख करायला तोही न्यू ब्रिटनला गेला. काही वर्षांत स्वामित्वशुल्कावरून वाजले. बेली बाहेर पडला आणि हार्टफर्डला त्याने ‘व्हिक्टर’ नावाचे नवे रंधे काढले, जुन्यापेक्षा वेगळे आणि देखणे. स्टॅन्ले कोर्टात गेली. १८८४ पर्यंत व्हिक्टरही स्टॅन्लेच्या पदरात पडले, आणि बेली पत्रांच्या नकला काढणाऱ्या दाबयंत्रांकडे वळला. १९०५ मध्ये तो वारला. जिच्याशी तो भांडला त्या कंपनीने त्याच सुमारास त्याचे आडनाव रंध्यांच्या बिडातच ओतायला सुरुवात केली होती, आणि ते नाव त्या रंध्यांवर आजवर टिकून आहे. भावाचा न्याय इथेही उलटाच आहे. बेलीचे नाव असलेला स्टॅन्ले स्वस्त मिळतो. बेलीने जिद्दीने काढलेले, पण बाजारात हरलेले व्हिक्टर मिळवायला संग्राहक वाट पाहत बसतात.

मधल्या वर्षांत माणूस याच वाटेने जातो. आधी एक ते आठ नंबर ओळीने हवेत. मग साडेचार आणि साडेपाच. मग १९२५ नंतर दहाएक वर्षे बनलेले ॲल्युमिनियमचे रंधे. कंपनीने ते हलके म्हणून विकले, पण ते लाकडावर करडे डाग पाडत आणि पटकन ओरखडत. सुतारांनी ते नाकारले. आज ते काचेच्या कपाटात असतात. मग १८९७ मध्ये आलेला पंचावन्न नंबर, पन्नासहून जास्त पाती असलेला, सगळ्या प्रकारच्या गोलाया एकट्याने काढेन म्हणणारा. त्याची पेटी उघडून दाखवणारे पुष्कळ भेटतात, त्याने सबंध दाराची चौकट केलेला क्वचितच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या नॉरिस आणि स्पायर्स यांचे शिसव भरलेले वजनदार रंधे तर वेगळाच खर्च. त्यांना नापास म्हणता येत नाही, ते मुळातच थोड्यांसाठी होते.

एखाद्या दिवशी मात्र या माणसाला टेबल करायचे असते. फळीची रेषा आडवीतिडवी असते आणि रंधा मारताच लाकूड उचकटते. कपाटातली दुर्मिळाई तिथे कामी येत नाही. कामी येते ती धार, आणि पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांनी १९८० च्या दशकात सूक्ष्म चित्रीकरण करून दाखवले की ही पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या दशांशाएवढी जवळ आणली तर छिलका वर वाकतो, तुटतो आणि लाकूड उचकटायचे थांबते. अठराव्या शतकातल्या सुतारांना हे माहीत होते. मधल्या काळात कित्येक तज्ज्ञ ही पट्टी निरुपयोगी ठरवून जास्त जाड, जास्त महागडी पाती घ्यायला सांगत राहिले. पाच नंबरमध्ये ती पहिल्यापासून होती.

ॲलन पीटर्स या इंग्लिश कारागिराला हा पेच कधी पडलाच नसावा. १९४९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो हॅम्पशायरमधल्या एडवर्ड बार्न्सलीच्या कार्यशाळेत उमेदवार म्हणून लागला. तिथे तेव्हा वीज नव्हती. फळ्या हातानेच साधायच्या. पुढे त्याची गणना त्या देशातल्या पहिल्या प्रतीच्या फर्निचर कारागिरांत झाली, १९९० मध्ये राणीचा सन्मानही मिळाला. लहान-मोठ्या जवळजवळ सगळ्या रंधकामाला तो बावीस इंची सात नंबर वापरायचा. पाठ्यपुस्तके तेवढ्याच कामाला तीन-चार नंबर सांगतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरात जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात सात नंबर टेबलावर मानाने मांडलेले कमीच दिसतात, ते खाली खोक्यात असतात. घेताना तोंडाजवळ तडा नाही ना हे आधी पाहावे. बीड पडले की तडकते आणि त्याला धड उपाय नाही. गंज, रंग, गेलेले मुठीचे टोक, सगळे निभते. पाते पाजळून पाजळून अर्ध्यावर आले असेल तर संग्राहक रंधा खाली ठेवतो, कारण पाते मूळ लांबीचे नसले की भाव पडतो. कामाचा माणूस तोच उचलतो. एवढे पाते झिजेपर्यंत तो कुणीतरी वर्षानुवर्षे चालवला आहे, म्हणजे त्याचा तळ बहुधा सरळ असणार, आणि नवे पाते अजूनही मिळते: सव्वादोन इंचाहून जरासे जास्त रुंद, बेलीच्या रचनेवरच बसणारे.