हिरव्या कॅम्पसचा कचरा कोण उचलतो?

एम.ए. समाजशास्त्राला असताना आमच्या विद्यापीठात हरित परिसर सप्ताह साजरा झाला. रोपे लावली, फोटो काढले, शाश्वत विकासावर व्याख्यानही झाले. त्याच संध्याकाळी वसतिगृहामागे एक मावशी उघड्या हातांनी आमचा ओला-सुका कचरा वेगळा करत होत्या. मी विचारले, "मावशी, हातमोजे?" त्या म्हणाल्या, "कुठले बाळा! दोन महिने पगारच नाही." त्यांना जात विचारायची गरज नव्हती. त्या आमच्याच वस्तीतल्या होत्या आणि त्या ढिगात माझाही कचरा होता.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो करणाऱ्यावर टाकली. कामगारांना हातमोजे, बूट, मास्क देण्याची तरतूदही केली. मग हे काम मावशींच्या वाट्याला का? जात ही केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले होते.

आम्ही पाच जणांनी आमच्या मजल्याचा कचरा स्वतः वेगळा केला आणि प्रशासनाला निवेदन दिले. महिन्याने हातमोजे आले. पण पुढच्या वर्षी कंत्राटदार बदलला आणि मावशींचे काम गेले.

मित्रांनो, पर्यावरणाचा प्रश्न आपल्याला परका नाही. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर आपण पाण्यावरचा हक्कच सांगितला. म्हणून झाडे जरूर लावा. पण कंत्राट कोणाचे, पगार किती, सुरक्षा कुठे, हेही विचारा. न्यायाशिवाय हिरवा रंग हा नुसता रंगच!

जय भीम!