मानवी हक्कांच्या प्रशिक्षणातून जात कोणी काढली? आम्हीच काढली!

गेल्या पावसाळ्यात वसई पूर्वेच्या एका कारखान्यातून आम्हाला बोलावणे आले. कामगारांना 'मानवी हक्क' या विषयावर दोन तासांचे प्रशिक्षण द्यायचे होते. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, वस्तीत काम करणारे, मराठी-हिंदीत समजावून सांगणारे माणूस त्यांना हवे होते. आम्ही खुशीने होकार दिला. आगाशीतली आपली कित्येक मुले त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे राबतात. त्यांच्या उपयोगी पडू असे वाटले.

मजकूर तयार करून पाठवला. लैंगिक छळ, बालमजुरी, वेठबिगारी, वेतन आणि जातिभेद असे पाच भाग होते. दोन दिवसांनी एचआरच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. अगदी नम्रपणे म्हणाले, "बाकी सगळं छान आहे, फक्त ते जातीचं काढू या. आमच्याकडे तसं काही नाही. उगाच वातावरण बिघडेल."

आम्ही काढले. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. दोन तास बोललो, टाळ्या झाल्या, हजेरीपटावर सह्या झाल्या, मानधनाचे पाकीट घेतले.

बाहेर पडताना आमच्याच गल्लीतली एक ताई गेटजवळ भेटली. ती तिथे ठेकेदारामार्फत साफसफाई करते. "जयभीम. आत काय होतं आज? आम्हाला बाहेर थांबवलं होतं, चहा झाला की कप उचलायला." आम्ही म्हणालो, मानवी हक्कांचे प्रशिक्षण होते. ती हसली. "मग आम्हाला नाही बोलावलं ते? आम्ही आठ जणी आहोत. सगळ्या आपल्या, नाहीतर वाल्मीकी समाजाच्या."

'आमच्याकडे तसं काही नाही' म्हणणाऱ्या कारखान्यात झाडू नेमका याच आठ हातांत कसा आला, हे आम्हाला आत उभे राहून विचारायचे होते. आम्ही विचारले नाही.

मुळात ही प्रशिक्षणे कुठून आली, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारत सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ साली जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे जाहीर केली. त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे. पुढे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना यावर दरवर्षी अहवाल देणे बंधनकारक केले. किती कर्मचाऱ्यांना आणि कामगारांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण दिले, हा आकडा त्यात भरावा लागतो, कायम नसलेल्या कामगारांचासुद्धा. मग मोठ्या कंपन्या त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांकडेही कागद मागू लागतात. आमच्या दोन तासांची गरज तिथून निर्माण झाली होती.

आता याच अहवालातला तक्रारींचा तक्ता पाहा. लैंगिक छळ, कामाच्या ठिकाणचा भेदभाव, बालमजुरी, वेठबिगारी, वेतन आणि इतर. जातीचा स्वतंत्र रकाना नाही. ती 'भेदभाव' या एका शब्दात कोंबलेली आहे. ज्याचे नाव घेतले जात नाही त्याची तक्रार कोण करणार? तक्रार नाही म्हणून आकडा शून्य, आणि आकडा शून्य म्हणून 'आमच्याकडे तसं काही नाही'. हे चक्र आहे.

जात बोलली की फूट पडते, हा युक्तिवाद फक्त वसईतला नाही. २०२२ साली अमेरिकेत गुगलने जातिभेदावरचे एक नियोजित व्याख्यान रद्द केले, तेव्हाही दुफळी माजते असेच कारण दिले. पण त्याच देशात अ‍ॅपलने कर्मचाऱ्यांसाठीच्या धोरणात 'जात' हा शब्द घातला आहे. म्हणजे शब्द लिहिता येतो, इच्छा हवी. आणि फूट म्हणाल तर ती आधीपासूनच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली.

मुंबईच्या गिरण्यांत तर हे उघड चालायचे. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या माणसाने ओढला तर धागा विटाळेल म्हणून जास्त मजुरीचे ते खातेच आपल्याला बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनाही तो एकजूट मोडणारा वाटला होता. बाबासाहेबांनी तो वगळला नाही. आम्ही मात्र एका फोनवर वगळला.

आगाशीहून जवळच सोपारा आहे. या परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. दास आणि सेवकांशी योग्य वागणे हा धम्माचाच भाग आहे, असे नववा शिलालेख सांगतो. राजाने ते लोकांच्या प्राकृतात, सर्वांना दिसेल असे दगडावर कोरले. आजची धोरणे इंग्रजीत, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडून असतात.

म्हणून खासगी क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी चार प्रश्न विचारावेत. धोरणात 'जात' हा शब्द आहे का? ते मराठीत मिळते का? ठेकेदाराच्या कामगारांना आणि सफाई कामगारांना प्रशिक्षणात बसवले का? जातीची तक्रार ऐकणाऱ्या समितीत आपले कोणी आहे का? एकट्याने विचारले तर नोकरी जाते, म्हणून संघटनेमार्फत, लेखी विचारा.

आम्ही त्या कारखान्याला पत्र लिहिले. काढलेला भाग जोडून पुन्हा, या वेळी बिनमानधन आणि त्या आठ जणींसह, प्रशिक्षण घेऊ असे कळवले. उत्तर आले नाही, पुढचे बोलावणेही नाही. मग रविवारी विहारात बसलो. आठपैकी पाच जणी आल्या. पाचवा भाग आम्ही सर्वांत आधी घेतला. पण तो आम्हाला फारसा शिकवावा लागला नाही, बोलत त्याच होत्या.

जयभीम!