कॅमेरॉनबाईंचा फोकस

फोटो शार्प नसेल तर तो फोटोच नाही, असं माझं मत होतं. मत कसलं, हट्टच. भिगवणहून रोहित पक्षी टिपून आलो की आधी लॅपटॉपवर झूम करून डोळा बघायचा. पिसाची कड जरा विरलेली दिसली की डिलीट. कुणी लग्नातले फोटो दाखवले तरी माझी नजर फोकस कुठे बसलाय तेच शोधायची. नवरी कशी दिसतेय हे नंतर.

त्यामुळे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे फोटो एका पुस्तकात पहिल्यांदा पाहिले तेव्हा बाईंचं एवढं कौतुक कशाचं, ते कळेना. चेहरे धूसर, काचेवरचे ओरखडे आणि रसायनाचे ओघळ तसेच ठेवलेले. सुखवस्तू घरातल्या बाईंचा वेळ घालवायचा उद्योग, असं म्हणून मी पान उलटलं. त्यांच्या काळातल्या इंग्लंडमधल्या फोटोग्राफीच्या जाणकारांनीही त्यांना गलथान ठरवलं होतंच. म्हणजे मला सोबत चांगली होती.

मत हललं ते पुढे त्यांचा इतिहास नीट वाचायला घेतल्यावर. बाईंचा जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. १८६३ च्या नाताळात मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा वय ४८. आयल ऑफ वाइट बेटावरच्या घरात त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची डार्करूम. काम सगळं वेट प्लेटचं. काचेवर कोलोडियनचा चिकट थर सारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हातांवर आणि टेबलक्लॉथवर काळे डाग पडायचे. समोर बसणाऱ्याला कित्येक मिनिटं हलायची बंदी. ही माणसं म्हणजे कधी कवी टेनिसन, कधी डार्विन, तर कधी घरात कामाला असलेली मेरी हिलियर. मेरीला त्यांनी कितीदा तरी मॅडोना म्हणून उभं केलं.

इतका खटाटोप करणारं माणूस फोकसच्या बाबतीत आळशी कसं असेल? याचं उत्तर बाईंनीच १८७४ मध्ये लिहिलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या आठवणींत दिलंय. धाकट्या मुलाचं म्हणणं होतं की आईचे सुरुवातीचे धूसर फोटो चांगले आले ते योगायोगाने. बाई म्हणतात, खरंय त्याचं. फोकस करता करता जिथे चित्र सुंदर वाटलं तिथे मी थांबले, आणखी नेमका करत बसले नाही. हे वाचून मी जरा गप्पच झालो. आपण कधी तसे थांबलोय का? माझं थांबणं आजवर ऑटोफोकसच्या हिरव्या चौकोनावर अवलंबून होतं.

मग १८६७ चा जॉन हर्शेल यांचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. छायाचित्र पक्कं करायला हायपो वापरता येतो हे दाखवून देणारे हेच ते शास्त्रज्ञ, आणि बाईंचे जुने स्नेही. बाईंच्या त्या धाकट्या मुलाच्या नावातही त्यांचं नाव आहे. पंचाहत्तरीचा म्हातारा, अंधारातून पुढे आलेला चेहरा, पांढरे केस चहूकडे उडालेले. केस असे पिंजारलेले दिसावेत म्हणून बाईंनी ते आधी धुवायला लावले होते म्हणे. गलथान माणूस एवढं करत नाही. पूर्वी मला या फोटोत फक्त विरलेल्या कडा दिसल्या होत्या. या वेळी डोळ्यांवर थांबलो आणि तिथून हलता येईना.

स्वतः करून पाहावं म्हणून वडिलांना खिडकीशी बसवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि शटर चार सेकंद उघडं ठेवलं. तिसऱ्या सेकंदाला ते म्हणाले, "झालं का रे?" फोटोत डोळे जागेवर आहेत, ओठ मात्र पुसट. घरातल्यांनी मोबाइलवर काढलेले त्यांचे ढीगभर चकचकीत फोटो आहेत. त्या सगळ्यांत ते फोटोसाठी बसल्यासारखे दिसतात. या एकात त्यांची घाई आहे, जी आम्ही जन्मभर ऐकत आलोय. पूर्वीच्या नियमाने हा फोटो त्याच रात्री उडाला असता.

सरसकट शरणागती मात्र नाही. पंख लावून बसवलेली मुलं, बायबलमधले प्रसंग, हे बाईंचं प्रकरण मला अजूनही नाटकी वाटतं आणि त्यातल्या काही फोटोंत धूसरपणाने काहीच साधलेलं नाही. आमच्या ग्रुपवर हल्ली कुणी हललेला फोटो टाकून खाली 'मूड' असं लिहितं, तेव्हाही मी पूर्वीइतकाच वैतागतो. फरक एवढाच, की माणसांचे फोटो मी आता लॅपटॉपवर आधी पूर्ण बघतो, मग झूम करतो, आणि कधी कधी झूम करायचं राहूनच जातं. रोहिताचा डोळा मात्र शार्पच हवा. त्यावर तडजोड नाही.