अतिकुशल

‘शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात एम. ए. मराठीचा उल्लेख करू नये. त्यामुळे प्रकरणात विनाकारण गोंधळ होईल.’ २०२४ च्या उन्हाळ्यात मला आलेल्या एका पत्रातला हा सल्ला. पत्र जर्मनीतल्या माझ्या भावी कंपनीच्या वकीलबाईंचे होते. सूर सौजन्याचा, हेतू माझ्या हिताचा. तरीही ते वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

सल्ल्यामागचे कारण सांगायचे तर थोडा कायदा सांगणे भाग आहे. उच्च पात्रतेच्या परदेशी व्यावसायिकांसाठी युरोपीय संघाने २००९ साली ‘ब्लू कार्ड’ नावाचा परवाना निर्माण केला. जर्मनीत तो १ ऑगस्ट २०१२ पासून मिळू लागला. तिथल्या मूळ अटी तीन: मान्यताप्राप्त पदवी, त्या पदवीला साजेशी नोकरी आणि ठरावीक किमान पगार. परदेशी विद्यापीठांची ‘अनाबिन’ नावाची एक जर्मन सूची आहे. तीत पुणे विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ अशी खूण आहे, म्हणजे विद्यापीठ मान्य. माझे अडले ते ‘साजेशी’ या विशेषणापाशी. मराठी वाङ्मयाच्या पदवीला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी साजेशी ठरत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीने एक नवे दार उघडले. संगणकक्षेत्रातल्या माणसाला पदवीवाचूनही ब्लू कार्ड मिळू लागले. मात्र गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या तोडीचा अनुभव हवा. वकीलबाई मला या दारातून आत नेणार होत्या. दुसऱ्या एका परवान्यात माझी पदवी चाललीही असती. पण ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा हक्क सत्तावीस महिन्यांत मिळतो, आणि जर्मन भाषेची मध्यम पातळी गाठली तर एकवीस महिन्यांतच. त्यांची निवड व्यवहाराला धरूनच होती. त्या निवडीत मी पदवी नसलेली, पण अनुभवाने अतिकुशल अशी एक व्यक्ती होत होते.

ही कुशलता मोजण्याचे मापही गमतीचे आहे. या दारासाठी २०२४ साली किमान वार्षिक पगार ४१,०४१ युरो ८० सेंट असावा लागे. २०२५ साली तो ४३,७५९ युरो ८० सेंट झाला. निवृत्तिवेतनाच्या विम्यासाठी पगाराची जी कमाल मर्यादा दरवर्षी ठरते, तिच्या ४५.३ टक्के असा हा हिशेब आहे. म्हणजे ३१ डिसेंबरला ज्या पगारावर नवा अर्जदार अतिकुशल ठरतो, त्याच पगारावर १ जानेवारीला तो तसा ठरेलच असे नाही. ही रीत नवी नव्हे. २००० साली जर्मनीने संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ काढले, तेव्हाही पदवी नसलेल्यांना एक लाख मार्क पगाराची अट होतीच. त्या वेळी युर्गेन र्‍युटगर्स या पुढाऱ्यामुळे ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी मुले’, ही घोषणा गाजली. तिच्यातले यमक तेवढे निर्दोष होते.

पण मला बोचत होते ते पगाराचे माप नव्हे. ती सात वर्षे. मी जे काम शिकले ते त्या सात वर्षांच्या फार अलीकडे, आणि मराठीच्याच वाटेने शिकले.

एम. ए. झाल्यावर २००३ साली मला एक काम मिळाले. जुन्या फॉन्टांमध्ये टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता. वरवर यांत्रिक वाटणारे हे काम पहिल्याच आठवड्यात भाषेपाशी येऊन थांबले. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. त्यातली पहिली वेलांटी डोळ्यांना ‘स्थ’च्या आधी दिसते आणि जुन्या फॉन्टांत ती आधीच टंकली जाई, युनिकोडमध्ये तिची जागा व्यंजनानंतर. म्हणजे प्रोग्रॅमला ती उचलून अख्खे जोडाक्षर ओलांडायला शिकवायचे. ‘मूर्ती’तला रफार याच्या उलट. तो दिसतो ‘ती’च्या डोक्यावर, जुन्या फॉन्टांत टंकला जातो तिच्यानंतर, पण उच्चार ‘त’च्या आधी आणि युनिकोडमध्ये जागाही ‘त’च्या आधी. अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता आल्याशिवाय एकही नियम लिहिता येत नव्हता. माझ्याबरोबरच्या अभियंत्यांना प्रोग्रॅम लिहिता येत होते. त्या अक्षरांची सीमा मला ठाऊक होती. ती शिकवता शिकवता मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. माझ्यापुरती मराठीची पदवी आणि संगणकाचे काम यांच्यात दरी कधी नव्हतीच. होता तो एक रफार, एकीकडे दिसणारा आणि दुसरीकडे उच्चारला जाणारा.

एम. ए.ला साहित्यशास्त्राच्या तासाला ‘कुशल’ हा शब्द आम्हाला भेटला होता, मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त, लक्षणेचे उदाहरण म्हणून. कुश म्हणजे दर्भ. तो हात न कापता आणतो तो कुशल. पुढे दर्भ मागे पडला आणि कोणत्याही कामातला निपुण तो कुशल झाला. मम्मट याला रूढीवर आधारलेली लक्षणा मानतो. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाला हे पटत नाही. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि वापरात त्याचा होणारा बोध वेगळा, निपुण हाच कुशलचा मुख्यार्थ, असे तो म्हणतो. नाहीतर ‘गो’ शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून झोपलेल्या गाईला गाय म्हणणेही लक्षणाच ठरेल! परीक्षेत मी विश्वनाथाच्या बाजूने उत्तर लिहिले होते, आणि गुणही बरे मिळाले होते.

जर्मन कायदाही विश्वनाथाच्याच पक्षाचा आहे. तुम्ही आज निपुण आहात काय, एवढेच तो विचारतो. दर्भ कोणत्या रानातला, तो खुडताना हात किती वेळा कापला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तसे नसावेही, लाखो अर्ज तपासणाऱ्या व्यवस्थेने प्रत्येकाच्या रानात शिरावे ही अपेक्षा रास्त नव्हे. परंतु अर्ज भरताना, वीस वर्षांनी, मी मम्मटाकडे वळले. मूळ अर्थ बाधित झाल्यावर लक्षणा सुरू होते हे खरे. तरी नव्या अर्थाशी त्याचा संबंध असावाच लागतो, आणि तो संबंध पुसला तर लक्षणा उभीच राहत नाही.

इथवर आल्यावर एक अप्रिय आठवण टाळता येत नाही. २००६ साली पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला जाताना मीच माझ्या परिचयपत्रात नुसते ‘पदव्युत्तर’ लिहिले होते. विषय गाळला होता. कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. नोकरी मिळाली, आणि पुढची कित्येक वर्षे सहकाऱ्यांनी मला गणिताची समजावे याला माझी मूक संमती होती. वकीलबाईंनी जे करायला सांगितले ते मी न सांगताच एकदा केले होते. मग त्यांच्यावर रुसण्याचा अधिकार मला कुठला?

मी त्यांना लिहिले, पदवी आधार म्हणून नको, पण माहिती म्हणून राहू द्या. त्यांनी अर्ध्या दिवसात होकार कळवला. एका ओळीने गोंधळ झाला नाही.

मुंबईतल्या व्हिसाकेंद्रात कागद तपासणाऱ्या मुलीने गठ्ठा सोडवला, अनुभवाची पत्रे आणि करार एका बाजूला ठेवले, आणि पदवीचे प्रमाणपत्र माझ्याकडे सरकवले. ‘मॅडम, हे लागत नाही.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘मराठीत एम. ए. केलंत? माझी बहीण करतेय. पुढे काय करतात हो?’ मागे रांग होती. मी एवढेच म्हणाले, ‘पुष्कळ काही करता येतं.’ उत्तर खरे होते, पण अपुरे. रफाराची गोष्ट सांगायला तिथे वेळ नव्हता.

त्या प्रमाणपत्रावर माझे माहेरचे नाव आहे आणि विद्यापीठाचेही २०१४ पूर्वीचे, सावित्रीबाईंचे नाव जोडले जाण्याआधीचे. आता त्यातले काहीच माझ्या पारपत्राशी जुळत नाही. ते मी इथे जर्मनीत बरोबर आणले आहे. कायम वास्तव्याच्या अर्जातही ते लागणार नाही. पण जिथे शिक्षणाचा रकाना असेल, तिथे या वेळी कुणाच्या सल्ल्याची वाट न पाहता विषयासकट लिहीन.